खांदेमळण

सोहारच्या अलीकडे, फलज अल कबाइलच्या कारखान्यांच्या वस्तीत
शिंप्याच्या दुकानावर एक जिम आहे.
जिना अरुंद. चढताना इस्त्रीची वाफ अंगाला लागते,
आणि वर पोचलं की खुदादाद दिसतो,
बलुची, पन्नाशीचा, पूर्वी सुरमईच्या होडीवर होता.
जाळी ओढून ओढून एक खांदा
त्यानं आधीच समुद्राला दिलाय.

मी म्हटलं, मुंजाजी. परभणीकडचा.
तो म्हणाला, मुंजा.
आता ह्याला कुणी सांगावं
आमच्याकडे मुंजा पिंपळावर राहतो ते.
तसा मीही वरच असतो म्हणा,
अकरा वर्षं शिडीवर,
छताला टेकवून एसीचे डक्ट धरतो दोन्ही हात वर करून,
शरण आल्यासारखा.

मार्चमध्ये डावा हात शर्टाच्या बाहीत शिरेना.
रात्री कूस बदलली की खवाट्यात
कुणीतरी पान्हा फिरवी.
डॉक्टरनं फोटो काढला, गोळ्या दिल्या.
हाड ठीक आहे, म्हणाला,
हाडाला धरून ठेवणारं ठीक नाही.

मी सरळ दहा किलोच्या डंबेलकडे गेलो.
पन्नास किलोच्या गोण्या उचललेला माणूस मी!
खुदादादनं ते काढून घेतलं
आणि हातात दोन किलोचं ठेवलं,
गुलाबी, रबराचं.
आरशातला मिसरी पोरगा हसला.

"काखेत रुमाल धर. कोपर काटकोनात.
आता हात बाहेर फिरव, दाराची फळी उघडते तसा.
रुमाल पडला तर मोजणी पहिल्यापासून."
सहाव्याला पडला.
मग चौथ्याला.
लोकांच्या काखेत कळसा असतो,
माझ्या काखेत रुमालही टिकेना.

श्वय, श्वय, तो म्हणायचा. सावकाश.
उचलणं गाढवालाही येतं,
खाली आणताना कळतं वजन कुणाचं, तुझं की जमिनीचं.
फरे खाली ओढ. मान सोड.
हात बाजूला, खांद्याच्या रेषेत,
आणि थांब.

थांब!
दोन किलो, वीस मोजेपर्यंत,
आणि आत, जिथं काही आहे हेच मला माहीत नव्हतं,
तिथं बारीक बारीक धागे थरथरू लागले,
खाली धरायला कुणी नसलं की शिडी थरथरते तसे.
चार किरकोळ स्नायू, खुदादाद म्हणाला,
खोबणीत गोळा सांभाळत बसलेले.
नाव दंडाचं होतं. राबतात हे.
मी म्हटलं, ओळखतो मी ह्यांना,
आमच्या कॅम्पात आठशे आहेत.

जुलै गेला. लोखंडाला हात लावायचा तर फडकं लागे.
दोन किलो, तेच दोन किलो.

अवसेच्या आदल्या दिवशी सोपाननं गावाहून व्हिडिओ पाठवला.
गोठ्यात एकच बैल आता, बाकी ट्रॅक्टर.
हा त्याच्या खांद्याला हळद-लोणी चोळतोय,
आणि वाकून कानात सांगतोय,
आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.
बैलानं कान हलवला.
त्याला कळलं की माशी बसली, देव जाणे.

खोलीतले झोपले होते.
मी खोबरेलाची बाटली काढली,
उजव्या हातानं डावा खवाटा चोळत बसलो.
मग वाटलं, उजव्याचं काय, तोही त्याच जुवाखाली.
डावा हात उचलला, छातीवरून पलीकडे नेला.
गेला.
मार्चपासून जात नव्हता तो तिथं.
बोटं पार फऱ्यापर्यंत पोचली, तेलानं निसटत.
आज आवतण घ्या, म्हटलं, हळूच.

वरच्या खाटेवरून टेकबहादूर म्हणाला,
कुणाशी बोलतोस?
जेवायला बोलावतोय, म्हटलं. झोप तू.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खुदादादला विचारलं, अडीच?
त्यानं रुमाल पुढे केला.